सासूबाईंचे दोन ‘पहिले’ डोस आणि अडकलेला दस्त

सासूबाईंचं लसीचं फायनल सर्टिफिकेट यायला जो काही व्याप झाला तो संपला एकदाचा, फ्लॅटचा दस्तही झाला. आता मे २०२२ मध्ये कुणी कुठे सर्टिफिकेट विचारत नाही, तरी लिहितेय, कारण ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या नोंदी अजून तशाच चुकलेल्या आहेत आणि प्रिकॉशन डोसची, म्हणजे दोन डोसनंतरच्या तिसऱ्या डोसची, वेळ आली की त्यांना हे सगळं परत आठवणार आहे. शिवाय ‘लोक लसीला घाबरत होते, अडाणी होते’ असं जे सरसकट बोललं जातं ते आमच्या घरात तरी तसं नव्हतं, तेही सांगायचंय.

सुरुवात मार्च २०२१ पासून. १ मार्चला साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, एक्काहत्तरचे, बीपी आणि शुगर दोन्ही. त्यांना लस हवीच होती, त्यांनी १० मार्चला खासगी दवाखान्यात २५० रुपये भरून कोविशिल्ड घेतली, अर्धा तास बसले, घरी येऊन जेवले, झोपले. सर्टिफिकेटची प्रिंट काढून एलआयसीच्या फाइलमध्ये लावली. २८ दिवसांनी दुसरा डोस म्हणून कॅलेंडरवर गोल केला. मग २२ मार्चला बातमी आली की आता सहा ते आठ आठवडे, गोल खोडून पुढे केला. मग १३ मेला बारा ते सोळा आठवडे. परत खोडला. ब्रिटनमधल्या अनुभवावरून अंतर वाढवलं असं सरकारचं म्हणणं होतं, पण त्याच दिवसांत नाशिकमध्ये केंद्रांवर ‘आज लस उपलब्ध नाही’ असे कागद चिकटवलेले होते, मग लोक काय समजणार? कट्ट्यावर एकच वाक्य, “साठा नाही म्हणून अंतर वाढवलं.” खरं कारण काय ते सोडा, पण असं दर महिन्याला खाडाखोड झाली की माणूस पुढच्या तारखेवर विश्वास ठेवत नाही.

आणि नियमांचं म्हणाल तर नाशिककरांनी भलतंच पाहिलं. मार्चच्या शेवटी बाजारात शिरायला पाच रुपयांची पावती निघाली होती, आठवतंय? पाच रुपयात एक तास, तासाच्या वर थांबलात तर पाचशे दंड. मेनरोडला मी गेले होते, पावती हातात घेऊन बायका धावतपळत ब्लाउजपीस मॅच करतायत आणि दुकानदार म्हणतोय ताई घड्याळ बघा. गर्दी कमी करायचा हेतू बरोबर असेल, पण लोकांच्या लक्षात हेतू राहिला नाही, पावती राहिली. सासूबाई तेव्हापासून म्हणायला लागल्या, “आधी पावती, मग दंड, आता सुई. यांना आपलं ऐकायचंच नाही, फक्त फर्मान काढायचं.” त्यांची लस न घेण्यामागची खरी गोष्ट ही होती. अफवा नंतर आल्या.

एप्रिलबद्दल जास्त लिहवत नाही. १४ तारखेला ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध आणखी कडक झाले, २१ एप्रिलला आपल्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली आणि त्या दिवशी बावीस माणसं गेली. घरात टीव्ही बंद करून ठेवला होता. त्याच आठवड्यात नवऱ्याला कोविड झाला, सौम्य होता, वरच्या खोलीत राहिला, निभावलं. त्यातून बरं झाल्यावर तीन महिने लस घ्यायची नाही असं मेमध्ये सांगितलं गेलं, त्यामुळे तो जुलैपर्यंत बाहेर. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

१ मेपासून अठराच्या पुढच्यांना सुरू झालं आणि माझा नंबर आला. म्हणजे नंबर कसला, मोबाइलवरची शर्यत. टेलिग्रामवर ग्रुप होते, स्लॉट उघडला की टुंग वाजायचं, ओटीपी येईपर्यंत सगळं लाल. शहरात काही मिळेना, एका संध्याकाळी तालुक्याच्या एका गावातल्या ग्रामीण रुग्णालयाचा स्लॉट लागला. पोलिसांनी नाक्यावर अडवलं, लसीचा मेसेज दाखवल्यावर सोडलं. तिथे पोचले तर गेटबाहेर गावातली माणसं उभी, आत रांगेत सगळे नाशिकचे, एमएच १५ च्या गाड्या लायनीत लावलेल्या. एक बाप्या, वय असेल चाळीस, मला थेट म्हणाला, “ताई आमच्या गावची लस तुम्ही नेऊन राहिले, आम्हाला तर रेंजच नाही, ओटीपी कुठून येणार.” मी काय बोलणार? नर्सबाई मध्ये पडल्या, म्हणाल्या यादीत नाव असेल त्यालाच देता येते, मी काय करू. त्या माणसाला कुणी लसविरोधी म्हणेल का? त्याला लस हवी होती आणि मिळत नव्हती. मी लस घेतली आणि आले, पण अर्ध्या तासाचं ते ऑब्झर्व्हेशन फार लांब वाटलं. मेअखेरीला सुप्रीम कोर्टानंही हाच मुद्दा काढला, ज्याच्याकडे मोबाइल-इंटरनेट नाही त्यानं काय करायचं म्हणून. तोपर्यंत महाराष्ट्रात अठरा ते चव्वेचाळीसचं लसीकरण थांबवून त्या लसी पंचेचाळीसच्या पुढच्यांच्या दुसऱ्या डोसकडे वळवल्या होत्या, आणि १२ मेपासून आपल्या जिल्ह्यातच कडक लॉकडाऊन.

जूनच्या पहिल्या आठवड्यात अण्णांचा दुसरा डोस झाला, महापालिकेच्या केंद्रावर, फुकट. सकाळी सहाला जाऊन टोकन घ्यावं लागलं एवढंच. आणि लगेच ती चुंबकाची बातमी आली! नाशिकच्याच एका आजोबांनी दावा केला की दुसऱ्या डोसनंतर अंगाला नाणी, चमचे चिकटतात. भारतभर आपलं नाव झालं. सासूबाईंना आयतं कोलीत मिळालं. “बघा, मी म्हणत होते ना.”

अण्णा निवृत्त फिटर. त्यांनी बनियन काढला, स्वयंपाकघरात उभे राहिले आणि छातीला चमचा लावला. चिकटला. सासूबाई दोन पावलं मागे. मग अण्णांनी वरून नवऱ्याला बोलावलं, ज्याला एकही डोस नव्हता, त्याच्या घामट छातीला तोच चमचा लावला. तोही चिकटला. मग पावडरचा डबा आणून दोघांच्या अंगाला चोपडली आणि परत लावला, तर दोघांचाही खाली. “घाम आहे हा, लोहचुंबक नाही. आणि स्टीलचा हा चमचा चुंबकाला पण लागत नाही, फ्रिजवरचं ते चुंबक लावून बघ,” एवढं बोलून अण्णा चहा मागायला लागले. सरकारनंही बातमी फेटाळली होती, पण आमच्याकडे पावडरनं काम केलं. सासूबाई हसल्या, आणि दोन दिवसांनी स्वतःहून म्हणाल्या, “घेईन मी, पण पहाटे रांगेत उभी नाही राहणार.”

मग २१ जूनपासून धोरण बदललं, केंद्रानं अठराच्या पुढच्या सगळ्यांना फुकट द्यायची ठरवली, साठा जरा सुधारला. ज्यांना पैसे देऊन घ्यायची होती त्यांना खासगीत कोविशिल्ड ७८० ला, कोव्हॅक्सिन १४१० ला. आम्ही थांबलो, जुलैच्या सुरुवातीला सासूबाईंचा पहिला डोस केंद्रावर फुकटात झाला. नोंद अण्णांच्या मोबाइल नंबरवर, आधार कार्डावर, पूर्ण नाव मधल्या नावासकट. रात्री ताप आला, सकाळी उतरला.

दुसरा डोस ऑक्टोबरात. ८ ते १४ ऑक्टोबर राज्यात ‘मिशन कवच कुंडल’ ही लसीकरणाची मोहीम होती, त्यात आमच्या भागातल्या एका हॉलमध्ये शिबिर लागलं, घरापासून पाच मिनिटं. गर्दी भरपूर, नोंदणीला बसलेली पोरं घाईत. सासूबाईंचा पहिला डोस झालाय हे सांगितलं, आयडी दाखवला, तरी त्या पोरानं नवीन माणूस म्हणून भरलं. आधारऐवजी पॅन घेतलं, मधलं नाव गाळलं आणि नंबर विचारला तो समोर उभ्या असलेल्या माझा. मेसेज आला, ‘यू हॅव सक्सेसफुली बीन व्हॅक्सिनेटेड’, एवढंच दिसलं. खाली ‘फर्स्ट डोस’ लिहिलेलं होतं. म्हणजे सरकारदरबारी नाशिकमध्ये दोन सासूबाई झाल्या, दोघींनी एकेक डोस घेतलेला. आईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगितलं तर म्हणाल्या, “बरं झालं, एक कामाला ठेव.”

ताबडतोब काही अडलं नाही म्हणून तेव्हा राहिलं. अडलं डिसेंबरात. जुना फ्लॅट विकायचा होता, तो अण्णा आणि आई दोघांच्या नावावर, म्हणजे दोघंही दुय्यम निबंधकांकडे हजर पाहिजेत, फोटो आणि अंगठा तिथेच होतो. ई-स्टेप-इन या नोंदणी खात्याच्या ऑनलाइन सोयीवरून वेळ घेतली होती, घेणाऱ्याच्या बँकेचा डीडी तयार. आणि २३ डिसेंबरपासून नाशिक जिल्ह्यात ‘नो व्हॅक्सिन नो एंट्री’. पालकमंत्री भुजबळांनी जाहीर केलं होतं, लस नाही तर सरकारी ऑफिसात, मॉलमध्ये प्रवेश नाही. तसा राज्याचा आदेशही २७ नोव्हेंबरपासून होताच, दोन्ही डोसचं सर्टिफिकेट किंवा युनिव्हर्सल पास (दोन्ही डोस झाल्याचा राज्य सरकारचा ऑनलाइन पास) पाहिजे असा, पण ती बातमी येईपर्यंत कुणी विचारत नव्हतं.

दारावरच्या माणसानं मोबाइल बघितला आणि आईंना बाजूला केलं. “एकच डोस दिसतोय.” मी दोन्ही सर्टिफिकेट दाखवली. तो म्हणाला मॅडम ही दोन बायकांची आहेत. कागदावर त्याचं बरोबरच होतं. मागे रांगेतला एक जण खुशाल बायकोचं सर्टिफिकेट दाखवून आत गेला, नाव कोण वाचतंय! सहासष्ट वर्षांची बाई, दोन्ही डोस दंडात, आणि बाहेर पायरीवर बसलेली. मला लस पटते, आजही पटते, पण दरवाज्याला कागद बांधला की ज्याचा कागद चुकलाय तो मरतो आणि ज्याला फसवायचंय तो आरामात जातो, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

एजंटनं दोन वाटा सुचवल्या. एक म्हणजे आईंकडून अण्णांच्या नावे कुलमुखत्यारपत्र करा, पण त्याचीही नोंदणी त्याच ऑफिसात करावी लागते, म्हणजे परत तोच दरवाजा. दुसरी गृहभेट, आजारी माणसासाठी अधिकारी घरी येऊन दस्त नोंदवू शकतात, त्यासाठी डॉक्टरचं पत्र. आई भडकल्या. “मला धडधाकट असताना अंथरुणावर झोपवताय का? दस्त नको झाला तरी चालेल.” घेणाऱ्याला हातापाया पडून जानेवारीअखेरपर्यंत मुदत मागितली. तो बिचारा चांगला निघाला, पण त्याच्या बँकेचं पत्र जुनं होणार होतं, त्याला टेन्शन आणि त्याच्यामुळे आम्हाला.

आता कामाचं. आधी १०७५ या सरकारी कोविड हेल्पलाइनला फोन केला. लागतो, वाट बघावी लागते, पण माणूस नीट बोलतो. त्यानं सांगितलं की शिबिरवाल्यांकडे जाऊ नका, त्यांच्या हातात आता काही नाही, वेबसाइटवरून करा. मी तरी शिबिराच्या लोकांना शोधत गेले होतेच, ते म्हणाले केंद्रावर जा, केंद्रावाले म्हणाले महापालिकेच्या आरोग्य विभागात जा, तिथे एका बाईंनी मात्र शांतपणे वहीत दोन्ही रेफरन्स आयडी लिहून घेतले आणि त्याही तेच म्हणाल्या, आधी ऑनलाइन टाका, नाही झालं तर अर्ज घेऊन या.

को-विनच्या, म्हणजे लसीच्या सरकारी नोंदणीच्या, वेबसाइटवर लॉगिन केलं की ‘रेज ॲन इश्यू’ असं येतं. त्यात नाव-जन्मवर्ष-लिंग दुरुस्ती, पासपोर्ट नंबर जोडणे, मेंबर दुसऱ्या मोबाइलवर हलवणे, आणि दोन पहिल्या डोसची सर्टिफिकेट एकत्र करणे, असे वेगवेगळे पर्याय आहेत. मी घाईघाईत थेट एकत्र करायला जाणार होते, भाच्यानं थांबवलं, म्हणाला मामी, दोन्ही नोंदी आधी सारख्या दिसल्या पाहिजेत. आणि दुरुस्ती एकदाच करता येते, त्यामुळे स्पेलिंग आधारवरून अक्षर न् अक्षर बघून टाका, घरातल्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला सांगा. आम्ही आधी माझ्या नंबरवरच्या नोंदीत मधलं नाव घातलं. ते झाल्यावर ती नोंद अण्णांच्या नंबरवर हलवली. मग दोन्ही एकाच लॉगिनखाली आल्यावर एकत्र करायची विनंती टाकली. प्रत्येक टप्प्यावर ओटीपी, आणि अण्णांचा फोन बटणांचा, मेसेजबॉक्स भरलेला, म्हणून ओटीपी यायचाच नाही. जुने मेसेज उडवल्यावर यायला लागला! हे हसण्यासारखं आहे पण यातच एक अख्खी संध्याकाळ गेली.

प्रत्येक टप्प्याचा स्क्रीनशॉट ठेवा, तारखेसकट. रेफरन्स आयडी चौदा आकडी असतो, तो दोन्ही नोंदींचा वेगळा लिहून ठेवा. पहिलं चुकीचं सर्टिफिकेट डाउनलोड केलेलं असेल तर फेकू नका, त्यावर डोसची तारीख आणि बॅच नंबर असतो, आरोग्य विभागात तेच विचारतात. आणि कृपा करून ते झेरॉक्सवाल्याकडे प्लास्टिकचं कार्ड करून घ्यायची घाई करू नका, आमच्या शेजाऱ्यांनी केलं आणि त्याच्या कॉम्प्युटरवर सगळ्या कॉलनीची सर्टिफिकेट पडलेली दिसली.

विनंती टाकल्यावर वाट. ओमायक्रॉनची लाट तेव्हाच आली, १० जानेवारीपासून राज्यात परत निर्बंध, आरोग्य खात्यातली निम्मी माणसं आजारी. रोज सकाळी स्टेटस बघायचं, पेंडिंग. सोसायटीच्या ग्रुपवर तेव्हा दोन तट पडलेले. एक काका रोज लिहायचे की दोन डोस नसलेल्यांना लिफ्ट बंद करा, दुसरे म्हणायचे लस घेऊन पण होतोच ना कोविड मग कशाला जबरदस्ती. मी दोघांनाही एकदाच विचारलं की माझ्या सासूबाईंना तुम्ही कुठल्या बाजूला धरणार. उत्तर नाही आलं, अंगठा आला.

मध्ये थोडं हललं नाही म्हणून मी साध्या कागदावर अर्ज, दोन्ही सर्टिफिकेट, आधार आणि पॅनच्या झेरॉक्स घेऊन आरोग्य विभागातल्या त्याच बाईंकडे गेले. पोच घेतली, शिक्का मारून. पोच नक्की घ्या, तोंडी ‘होऊन जाईल’वर येऊ नका. अर्जामुळे झालं की ऑनलाइनमुळे ते कळायला मार्ग नाही, पण फेब्रुवारीच्या सुरुवातीला एके दिवशी लॉगिन केलं आणि एकच नाव, दोन डोस, जुलै आणि ऑक्टोबर, हिरवं सर्टिफिकेट. मी ऑफिसात जोरात ओरडले. आईंना फोन केला तर म्हणाल्या, “मग दुसरी गेली का?”

त्यानंतर युनिव्हर्सल पास काढला, ते सोपं. को-विनवर जो मोबाइल आहे तो टाकायचा, ओटीपी, फोटो अपलोड, मेसेजमध्ये लिंक यायची. दुसऱ्या डोसला चौदा दिवस झालेले असावे लागायचे, आमचे तर चार महिने होत आले होते. घेणाऱ्यानं कुरकुरत का होईना आणखी थोडे दिवस दिले होते, बँकेचं पत्र नवीन करून घेतलं त्यानं. फेब्रुवारीतच दस्त झाला. आईंनी पास दाखवला, आत गेल्या, अंगठा दिला, अंगठा मशीनला लागेना म्हणून चार वेळा पुसला, ती वेगळी गंमत.

खर्च म्हणाल तर लसींना अण्णांचे २५० सोडले तर काही नाही, दुरुस्तीला सरकारी फी शून्य. को-विनच्या दुरुस्तीचे पैसे मागणारे भेटतील, देऊ नका. आमचे गेले ते रिक्षा, झेरॉक्स आणि एजंटनं परत लावलेली डाटा एंट्रीची फी, आणि माझ्या सुट्ट्या.

१ एप्रिलपासून राज्यानं सगळे निर्बंध उठवले, मास्कसुद्धा ऐच्छिक. २ मेला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की कुणालाही लसीची सक्ती करता येणार नाही, आणि लस न घेतलेल्यांवर घातलेली बंधनं तेव्हाच्या आकडेवारीवरून योग्य ठरत नाहीत, मात्र एकूण लसीकरणाचं धोरण मनमानी नाही. अण्णांनी पेपर मोठ्यानं वाचून दाखवला. ग्रुपवरचे दोन्ही काका आपापला अर्धा निकाल फॉरवर्ड करतायत.

मे २०२२ च्या नियमानुसार आईंचा प्रिकॉशन डोस दुसऱ्या डोसनंतर नऊ महिन्यांनी, म्हणजे जुलैत येतोय. याच नियमानं २०२२ मध्ये साठीच्या पुढच्यांना सरकारी केंद्रावर तो फुकट होता, आजाराचं पत्र लागत नव्हतं. ती तारीख दुसऱ्या डोसच्या नोंदीवरूनच मोजली जाते, त्यामुळे ज्यांच्या घरी आमच्यासारखं दोनदा ‘फर्स्ट डोस’ दिसतंय त्यांनी आत्ताच लॉगिन करून बघा. कुणाचा ओटीपी येत नसेल तर आधी फोनचे जुने मेसेज उडवा.